वालुकाश्मावरील निलगिरी आणि दोन वणव्यांमधील अंतर

वणवा ही वनसंरक्षणातील सर्वांत जुनी अडचण होय. तिचा विचार करताना एक प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. वणव्यात जळालेले क्षेत्र किती, हे नोंदले जाते. परंतु त्याच क्षेत्रात पूर्वीचा वणवा कधी लागला होता, ही नोंद क्वचितच पाहिली जाते. निलगिरीची लागवड झालेल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांच्या बाबतीत ही दुसरी नोंद पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरते. पुढील तीस वर्षांत त्या टेकडीवर कोणते वन राहील, हे बव्हंशी दोन वणव्यांमधील अंतरावर अवलंबून असते. बेळगाव जिल्ह्यातील वालुकाश्माच्या टेकड्या हे याचे उत्तम उदाहरण असून त्यांच्या आधारे या विषयाची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूमीची घडण

बेळगाव जिल्हा भूशास्त्राच्या दृष्टीने एकजिनसी नाही. उत्तरेस निपाणी व चिकोडीच्या परिसरात दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण असून त्यापासून बनलेली काळी चिकण जमीन ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते. तंबाखू व ऊस यांची शेती याच जमिनीवर वाढली. नैर्ऋत्येस खानापूरच्या बाजूला पाऊस भरपूर असून जांभ्याचे सडे व दाट पानझडी वने आढळतात. बेळगावच्या ईशान्येस गोकाककडे व पूर्वेस सौंदत्तीकडे गेल्यास मात्र भूमीचे रूप पालटते. तेथे कलादगी मालेचे अतिप्राचीन वालुकाश्म व क्वार्ट्झाइट उघडे पडलेले दिसतात. घटप्रभा नदी गोकाकजवळ ज्या सुमारे ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून खाली कोसळते, तो कडा याच खडकाचा आहे. सौंदत्तीजवळ मलप्रभा नदीने नविलतीर्थ येथे जी अरुंद खिंड कोरली आहे, तीही याच कठीण थरांतून होय. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातही या मालेचे काही तुकडे उघडे पडलेले आहेत.

वालुकाश्मापासून तयार होणारी माती वाळूमिश्रित, उथळ व निकृष्ट असते. पाणी तिच्यातून झपाट्याने निचरून जाते. पोषक द्रव्ये धरून ठेवणारी चिकणमाती तिच्यात अल्प असते. गोकाकच्या बाजूला वर्षाकाठी साधारणतः ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो व तोही मुख्यतः जून ते ऑक्टोबर या काळात. याचा परिणाम असा होतो की, काळ्या जमिनीच्या बांधावरील गवत अद्याप हिरवट असते, त्या वेळी या टेकड्यांवरील गवत पूर्णपणे वाळून गेलेले असते. पौष-माघापासून ज्येष्ठातील पहिल्या पावसापर्यंत तेथे आगीला खाद्य सदैव तयार असते.

या टेकड्यांवरील मूळ वनस्पती शुष्क पानझडी व काटेरी झुडपी वर्गातील आहेत. धावडा, खैर, चंदन, पळस, बोर, तरवड ही त्यांतील परिचित नावे होत. खडकाच्या भेगांमधून व ओघळींमधून, जेथे थोडी माती व ओल साचते, तेथे ही झाडे चांगली वाढतात. उघड्या माळावर मात्र कुसळी गवताचे प्राबल्य असते.

निलगिरीचे मूळ स्थान

निलगिरी हे नाव आपल्याकडे नीलगिरी पर्वतावरून रूढ झाले असले, तरी या वृक्षाचे मूळ घर ऑस्ट्रेलिया होय. युकॅलिप्टस या प्रजातीत सातशेहून अधिक जाती आहेत. योगायोगाने त्यांपैकी अनेक जाती वालुकाश्मावरच वाढतात. सिडनी शहराभोवतालचा प्रदेश हॉक्सबरी वालुकाश्माचा आहे. तेथील माती वालुकामय असून तिच्यात स्फुरदाचे प्रमाण अत्यंत कमी असते. अशा भूमीवर निलगिरीच्या जातींचे विरळ वन आणि त्याखाली बँक्सियासारखी कठीण पानांची झुडपे अशी रचना आढळते.

या वनाने आगीशी दीर्घकाळ जुळवून घेतले आहे. निलगिरीच्या सालीखाली सुप्त डोळे असतात. शेंडा व पाने जळून गेली, तरी काही आठवड्यांत संपूर्ण खोडावर हिरवी पालवी फुटते. अनेक जातींत जमिनीलगत मुळाच्या माथ्यावर एक काष्ठमय गाठ असते. तिच्यात अन्नाचा साठा व असंख्य डोळे असल्याने खोड नष्ट झाले, तरी झाड बुंध्यातून पुन्हा उभे राहते. बँक्सियाच्या काही जाती मात्र आगीत मरतात आणि केवळ बियांवाटे पुनर्जीवन करतात. त्यांची कठीण फळे आगीच्या उष्णतेने उघडतात व बी राखेवर पडते. नव्या रोपाला फुलून पुरेसे बी धरण्यास अनेक वर्षे लागतात. त्यापूर्वी दुसरी आग आली, तर ती जात त्या जागेवरून नाहीशी होते.

म्हणून आगीची सवय असलेल्या या वनातदेखील आगीचे अंतर मोजले जाते. न्यू साउथ वेल्स राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत झुडपांनी युक्त अशा कोरड्या निलगिरी वनासाठी दोन आगींमध्ये किमान सात वर्षांचे अंतर राखावे, असे धरले जाते. तेथील मूळ रहिवासी शतकानुशतके थंड हवेत, लहान लहान तुकड्यांत सौम्य आग लावून भूमीची निगा राखीत असत. या ज्ञानाकडे आता वनाधिकारी पुन्हा आदराने पाहू लागले आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात सिडनीच्या वायव्येस गॉस्पर्स माउंटन येथे वीज पडून लागलेल्या आगीने वालुकाश्माच्या प्रदेशातील पाच लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होरपळून काढले. दीर्घ अवर्षणाने वाळलेले इंधन व प्रखर उष्मा एकत्र आल्यावर काय घडते, याचा तो धडा होता.

निलगिरीचे भारतात आगमन

म्हैसूर संस्थानात टिपू सुलतानाच्या काळी, १७९० च्या सुमारास, नंदी टेकडीवर निलगिरी लावली गेल्याचे मानले जाते. नीलगिरी पर्वतावर १८४३ मध्ये तिची लागवड झाली. नंदी टेकडीवरील झाडांच्या बियांपासून वाढविलेली व 'म्हैसूर गम' या नावाने ओळखली जाणारी जात पुढे कोरड्या प्रदेशात सर्वत्र पसरली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरच्या दशकांत सरपण, खांब व कागद-रेयॉनच्या लगद्यासाठी निलगिरीची लागवड मोठ्या प्रमाणावर झाली. वनजमिनींबरोबरच शेताचे बांध व पडीक माळ यांवरही ती पोचली. झपाट्याने वाढणारी, गुरे न खाणारी व तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटणारी म्हणून ती सर्वांना सोयीची वाटली. कालांतराने भूजलावरील परिणामांविषयी तक्रारी वाढल्या आणि २०१७ मध्ये कर्नाटक शासनाने नव्या लागवडीवर बंदीचा आदेश काढला. परंतु आदेशाने नवी लागवड थांबते; उभी झाडे व जमिनीतील बुंधे तसेच राहतात. अशा जुन्या लागवडींचे पुढे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वणव्याच्या व्यवस्थापनात दडलेले आहे.

वणवा कोणाच्या बाजूचा?

सिडनीचे वालुकाश्म व गोकाकचे वालुकाश्म यांत मातीचे साम्य असले, तरी आगीच्या इंधनाबाबत मोठा भेद आहे. सिडनीकडे पाऊस वर्षभर विभागून पडतो आणि आगीचे इंधन म्हणजे पाने, साल व झुडपे होत. एकदा जळाल्यावर ते पुरेसे साचण्यास काही वर्षे जावी लागतात. गोकाककडे मुख्य इंधन गवत आहे. ते प्रत्येक पावसाळ्यात वाढते व प्रत्येक हिवाळ्यात वाळते. म्हणून येथे त्याच जागी दरवर्षी आग लागू शकते. निलगिरीच्या मूळ घरीही जे सहसा घडत नाही, ते येथे सहज घडते.

आता या वार्षिक आगीचा परिणाम पाहू. धावड्यासारखे आपले वृक्ष आगीला अगदीच अपरिचित आहेत, असे नव्हे. त्यांचे रोप जळाले, तरी मूळ जिवंत राहते व पावसाळ्यात पुन्हा कोंब येतो. पण या उथळ मातीत तो कोंब वर्षभरात गवताच्या उंचीपलीकडे क्वचितच जातो. पुढच्या फाल्गुनात तो पुन्हा जळतो. अशा रीतीने एखादे रोप वर्षानुवर्षे जिवंत असूनही वृक्ष कधीच होत नाही. पाहणाऱ्यास तेथे नुसते गवत दिसते. निलगिरीचे तसे नाही. बुंध्यात साठा भरपूर असल्याने तिचा फुटवा दोन पावसाळ्यांत माणसाच्या उंचीहून पुष्कळ वर जातो व ज्वालांच्या आवाक्याबाहेर पडतो. म्हणजेच प्रत्येक वणवा निलगिरीला काही महिन्यांनी मागे नेतो, तर धावड्याला शून्यावर आणून ठेवतो. वरवर पाहता दोन्ही जळतात. परंतु लाभ एकाच पक्षाचा होतो.

गवताच्या बाबतीतही असेच होते. माळ जाळल्याने पुढील वर्षी गवत चांगले येते, अशी समजूत सर्वत्र आढळते. आगीनंतर लुसलुशीत कोंब लवकर दिसतात, एवढे खरे आहे. परंतु कुसळीच्या बियांना पीळदार शेपटी असते. दमट हवेत ती फिरून बी जमिनीत रोवले जाते व आगीपासून बचावते. वारंवार जाळलेल्या माळावर म्हणून कुसळी वाढते आणि पवन्या, मारवेल यांसारखी गुरांना मानवणारी गवते मागे हटतात. चाऱ्यासाठी लावलेली आग अखेर चाऱ्याचीच प्रत कमी करते.

मातीची हानी त्याहून गंभीर आहे. आगीत नत्राचा मोठा भाग वायुरूपाने निघून जातो. पालाश व चुना राखेत उरतो खरा. पण आच्छादन नसलेल्या वालुकामय उतारावरून वळवाच्या पहिल्याच सरीबरोबर ती राख व वरची माती ओढ्यात जाते. काळ्या जमिनीत जे नुकसान काही वर्षांत भरून येते, ते बोटभर मातीच्या खडकावर भरून येण्यास पिढ्या लागतात.

अंतर किती असावे?

आग पूर्णपणे व कायमची वर्ज्य करणे हा उपायही निर्दोष नाही. भारतातील पद्धतशीर वणवा-प्रतिबंधाचा आरंभ मध्य प्रांतातील बोरी येथील वनात १८६४-६५ च्या सुमारास कर्नल पिअर्सन यांनी केला. तो प्रयोग यशस्वी झाला व सर्वत्र अनुकरणीय ठरला. परंतु पुढे सालवृक्षाच्या काही वनांत संपूर्ण संरक्षणामुळे दाट झाडोरा वाढून नव्या रोपांची वाढ खुंटल्याचे दिसले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियंत्रित आगीचा अवलंब करावा लागला. साचलेले इंधन एकदम पेटण्याचा धोकाही असतोच.

यावरून वालुकाश्माच्या टेकड्यांसाठी निघणारा निष्कर्ष असा : ज्या खंडात मूळ वृक्षांचे पुनरुज्जीवन करावयाचे आहे, तो खंड रोपांचे शेंडे ज्वालांच्या वर जाईपर्यंत व साल जाड होईपर्यंत सलग काही वर्षे आगीपासून कटाक्षाने राखावा. एका वर्षीचा वणवा मागील सर्व वर्षांची कमाई नाहीशी करतो. नियंत्रित आग वापरावयाची, ती सभोवतालच्या पट्ट्यांत, लवकर व थंड हवेत. राखलेल्या खंडात नव्हे.

आगीचे वर्तन

आग विझविणाऱ्याने तिचा स्वभाव जाणला पाहिजे. इंधन, उतार व वारा या तीन गोष्टी तिची गती ठरवितात. ऑस्ट्रेलियातील वनकर्मचारी एक ठोकताळा वापरतात : चढ दर दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीची गती सुमारे दुप्पट होते. वीस अंशांच्या चढावर ती सपाटीच्या चौपट धरावी. म्हणून चढत्या आगीच्या वरच्या बाजूस कोणीही उभे राहू नये. आगीच्या तोंडावर न जाता शेपटाकडून आरंभ करून दोन्ही बगलांनी ती दाबत जावे. जळून गेलेली जागा हीच सर्वांत सुरक्षित जागा होय, हे प्रत्येक मजुराला सांगून ठेवावे. अंगावर सुती कपडे असावेत. कृत्रिम धाग्यांचे कपडे वितळून त्वचेला चिकटतात. २०१७ च्या फेब्रुवारीत बंदीपूर येथील वणवा विझविताना एका वनरक्षकाला प्राण गमवावा लागला. ही शिस्त केवळ कागदावरची नाही, याची ती कटू आठवण आहे.

निलगिरीच्या लागवडीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिच्या पानांत तेल असल्याने ती ओलसर असतानाही लवकर पेट घेतात व गळलेला पाला सावकाश कुजतो. सुटलेल्या सालीचे पापुद्रे पेटून वाऱ्याबरोबर उडतात व जाळरेषेपलीकडे नवी आग लावू शकतात. दुसरे असे की, जुने बुंधे व मुळे आतल्या आत दीर्घकाळ धुमसत राहतात. आग विझल्यासारखी दिसली, तरी पुढील दोन दिवस त्या जागेवर पहारा ठेवणे आवश्यक असते.

वर्षभराचे काम

१. पावसाळा संपताच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाळरेषांवरील गवत कापून वाळवावे. डिसेंबर-जानेवारीत, शेजारचे गवत पुरते वाळण्यापूर्वी, सकाळी किंवा सायंकाळी वारा मंद असताना दोन्ही कडांवर माणसे उभी करून ते जाळावे. रेषेची रुंदी गवताची उंची व उतार पाहून ठरवावी.

२. वालुकाश्माच्या टेकड्यांवर उघडे कातळ व कडे विपुल आहेत. या नैसर्गिक अडथळ्यांना जोडून जाळरेषा आखल्यास श्रम व खर्च दोन्ही वाचतात.

३. भेगांत व ओघळींत टिकून राहिलेली धावडा, खैर, चंदन इत्यादी झाडे ही बियांची पेढी होय. अशा प्रत्येक जागेभोवती प्रथम संरक्षण द्यावे. नवे वन तेथून बाहेर पसरते.

४. निलगिरी तोडल्यानंतर फांद्या व पाला जाग्यावर जाळू नये. फांद्या समतल रेषेत रचल्यास माती अडते. मात्र असे ढीग जाळरेषेपासून दूर असावेत.

५. उतारावर संपूर्ण लागवड एकाच वेळी तोडू नये व बुंधे उपटू नयेत. पट्ट्यापट्ट्यांनी तोड करून फुटवे दोन-तीन हंगाम वारंवार छाटल्यास बुंधा थकतो, सावलीत मूळ जातींची रोपे वर येतात आणि माती जागेवर राहते.

६. भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडून येथील संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना राज्यांना पुरवीत आली आहे. आरंभी एक किलोमीटरच्या व नंतर ३७५ मीटरच्या चौकटीपर्यंत ही दृष्टी सूक्ष्म झाली. तथापि लहान आग उपग्रहाच्या फेऱ्यांमधील वेळेत लागून विझू शकते. म्हणून टेकडीवरील पहारेकऱ्याला पर्याय नाही.

लोकांचा सहभाग

या प्रदेशात वणवा क्वचितच निसर्गतः लागतो; तो बहुधा माणसाच्या हातून लागतो. त्याची कारणे ओळखीची आहेत. ऊसतोडीनंतर शेतातील पाचट जाळले जाते व त्याची धग लगतच्या माळावर जाते. पाचट सरीत पसरून कुजविल्यास ओलावा टिकतो, सेंद्रिय द्रव्य वाढते व वणव्याचे एक मोठे कारण नाहीसे होते. सह्याद्रीच्या पट्ट्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल आहे. तेथेही भाजणीपूर्वी भोवतालची कड साफ करणे व शेजाऱ्यांस कळविणे एवढी दक्षता पुरेशी ठरते.

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेच्या सुमारास मोठ्या यात्रा भरतात. कोल्हापूर, सांगली, निपाणी या भागांतून असंख्य मराठी भाविक तेथे जातात व उघड्यावर तीन दगडांच्या चुली मांडून नैवेद्य शिजवितात. हा काळ गवत वाळण्याचाच असतो. चूल मांडण्यापूर्वी हातभर जागा स्वच्छ करणे, उठताना निखाऱ्यांवर पाणी व वाळू टाकून हाताने धग तपासणे, ही कामे कोणत्याही भाविकास सहज जमण्याजोगी आहेत. यात्रेस निघण्यापूर्वी गावोगावच्या मंडळींना ही सूचना त्यांच्या भाषेत मिळाल्यास ती डोंगरावरील फलकापेक्षा अधिक परिणामकारक ठरेल.

गुराख्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना गवत कापून नेण्याची मुभा द्यावी. कापलेले गवत हा चारा असतो, उभे वाळलेले गवत हे इंधन असते. शासकीय खर्चाने जाळरेषा काढण्यापूर्वी जेवढे गवत गोठ्यात जाईल, तेवढे दोघांच्याही हिताचे होय.

समारोप

निलगिरी ही शत्रू नव्हे व आगही निव्वळ शत्रू नव्हे. दोघींचे नाते फार जुने आहे आणि ते दुसऱ्या खंडातील वालुकाश्मावर जुळलेले आहे. आपल्या वालुकाश्मावर मात्र वर्षागणिक पेटणाऱ्या गवताने त्या नात्याचे पारडे एकाच बाजूस झुकविले आहे. ते समतोल करण्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. प्रत्येक वनखंडाच्या नोंदवहीत 'शेवटच्या वणव्याचे वर्ष' असा एक रकाना असावा व तो प्रतिवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणी करून भरला जावा. ज्या खंडापुढील वर्ष दीर्घकाळ बदललेले नसेल, तेथे कुसळीच्या वर डोकावणारा धावडा दिसू लागेल. ज्या खंडापुढे दरवर्षी नवा आकडा लिहावा लागत असेल, तेथे किती रोपे लावली याला अर्थ उरणार नाही; तेथे प्रथम आग थांबविणे, हेच वृक्षारोपण होय.